रकाना चौथा

अर्जात चौथा रकाना झाडाच्या जातीचा,
पाचवा मृत्यूच्या कारणाचा.
दोन्ही रिकामे ठेवून तीन आठवडे
निवतीच्या या उतरणीवर मी येरझारा घालते आहे.

झाड उभंच आहे. पान नाही, फांद्यांची टोकं नाहीत,
साल ढलप्याढलप्यांनी गळून गेलेली.
खाली पाचोळा आहे, पण तो शेजाऱ्यांचा:
काजूचा, कुंभ्याचा, वाऱ्यानं आणून टाकलेल्या सुरूच्या काड्यांचा.
मेलेल्याच्या खिशात
दुसऱ्याचीच पत्रं सापडावीत तसा.

बाबा म्हणायचे, वाटेवर दोन आहेत, एक ऐन, एक किंजळ.
कुठला कुठला, ते मी कधी विचारलं नाही.
झाडं काय, असतातच, असं वाटायचं तेव्हा.

अंकुश मेस्त आला. होड्या बांधणारा माणूस.
आधी झाडाकडे पाहिलंच नाही त्यानं,
पाठ टेकून विडी ओढली,
मग कोयत्याच्या मुठीनं ठोकत गेला, खालून वर.
कमरेपर्यंत भद्द. छातीच्या वर ठण्ण.
एक चिपळी काढून जिभेला लावली.
"सालीर जाव नको गो, साल सगळ्यांकाच फसयता.
लाकूड काळपट आसा. ऐन.
सही मात्र माझी मागू नको."

रेश्मा धुरीला पुरावा हवा होता.
वनरक्षक, नवीन नोकरी, गणवेशाची इस्त्री अजून मोडलेली नाही.
ती सरळ गुडघ्यांवर बसली,
काटकीनं मुळांमधली माती उकरत राहिली,
आणि बोटाच्या दोन पेरांएवढं एक फळ निघालं,
कोरडं, पंखांचं.
"मोजा," म्हणाली.
पाच.
किंजळाचं फळ याहून लहान, एकाच मोठ्या पंखाचं.
ऐन, तिनं लिहिलं. पेन्सिलीनं.

मग मला बुंध्याच्या पलीकडच्या अंगाला नेलं.
जमिनीलगत अळंबी:
तपकिरी, लाखेचा हात दिल्यासारखी चकाकणारी,
काठाला ओल्या चुन्याची रेघ.
गेल्या पावसात पाहिली होती मी ती. देखणी वाटली होती.
फोटो काढून बहिणीला पाठवला होता.
"मूळकूज," रेश्मा म्हणाली.
"ही बाहेर दिसते तेव्हा आतलं संपलेलं असतं."
मुळाचा तुकडा तिनं चिमटीत दाबला:
पांढरा, तंतू तंतू, भिजून राहिलेल्या पोह्यासारखा.

"आली कुठून?"
उत्तर दिलं नाही तिनं, फक्त पाहिलं
दहा पावलांवरच्या जुन्या खुंटाकडे.

तो किंजळ होता, म्हणजे. आज कळलं.
अकरा वर्षांपूर्वी, भाद्रपदात,
सरणाची लाकडं खोपीत भिजून गेली होती
आणि रात्री साडेनऊला तो तोडला. बॅटरी मी धरली होती.
कोणीतरी म्हणालं, हा अर्धा सुकलेलाच आहे,
हाच घ्या, पेटेल तरी.
पेटला. चांगला पेटला.
अर्धा का सुकला होता, हे विचारायची ती वेळ नव्हती.

जमिनीखाली मात्र
दोघांची मुळं एकमेकांत गेलेली.
आम्ही दिवस घातले, वर्षश्राद्धं केली,
याच वाटेनं नारळ उतरवले, गॅसचे सिलिंडर चढवले,
आणि खुंटातलं ते
इंच इंच सरकत राहिलं, बिनआवाजी.

पाचव्या रकान्यात बोटभर जागा.
मूळकूज, लिहिलं. बसलं तेवढंच.

वरचा सोट अंकुश नेणार आहे.
म्हणतो, होडीचे चार वाक निघतील.
"पाण्यात टिकतलो. ऐनाक पाण्याची सवय."

आणि मी चर खणते आहे,
रेश्मानं आखून दिलेला, कमरेइतका खोल,
हे झाड आणि त्याच्यापुढचा रातांबा यांच्यामध्ये.
दर दोन हातांवर एखादं मूळ लागतं.
कुणाचं, ते ओळखता येत नाही.
थांबते. वास घेते.
मग कुदळ उचलते.